छायाचित्रकारांचा छायाचित्रविचार : गोदाकाठावरून एक प्रस्तावना

छायाचित्रण या कलेविषयी जे तात्त्विक लेखन आज जगभर वाचले आणि शिकवले जाते, त्यातला मोठा भाग छायाचित्रकारांच्या हातून उतरलेला नाही. सुसान सोंटॅग यांचा १९७७ मधील ‘ऑन फोटोग्राफी’ हा निबंधसंग्रह आणि रोलाँ बार्थ यांचे १९८० मध्ये फ्रेंचमध्ये निघालेले, पुढे ‘कॅमेरा ल्युसिडा’ या नावाने इंग्रजीत गेलेले पुस्तक ही या विषयातली पायाभूत पुस्तके मानली जातात; पण सोंटॅग निबंधकार होत्या, बार्थ साहित्यसमीक्षक होते, आणि दोघांनीही छापून तयार झालेले छायाचित्र समोर ठेवून, पाहणाऱ्याच्या बाजूने विचार केला. छायाचित्र तयार होण्याआधी जे घडते, म्हणजे उजेडाची वाट पाहणे, समोरच्या माणसापासून किती अंतरावर उभे राहायचे हे ठरवणे, त्याची परवानगी मागणे किंवा न मागणे, काच, रसायन आणि कागद यांच्याशी झटणे, ते या लेखनात फारसे येत नाही. ज्यांच्या रोजच्या कामाचा तो भाग होता त्यांनीही आपले विचार वेळोवेळी मांडले आहेत, कधी पुस्तकातून, कधी मासिकातल्या लेखातून, तर कधी चित्राखालच्या चार ओळींतून. हा विचार विखुरलेला आहे, त्याला शास्त्राची शिस्त नाही, आणि म्हणूनच अभ्यासकांनी त्याला दुय्यम मानले. त्याचा परिचय करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू असून, तो करून देताना पॅरिस, न्यूयॉर्क किंवा मुंबई यांऐवजी परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे तालुक्याचे गाव पाहण्याची जागा म्हणून निवडले आहे.

छायाचित्रणाच्या इतिहासात गंगाखेडचे नाव येत नाही, आणि हेच या निवडीचे पहिले कारण होय. गोदावरीच्या काठावरचे हे गाव संत जनाबाईंचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते सगळ्या मराठवाड्याबरोबर हैदराबाद संस्थानात होते. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणीकडून येऊन याच गावातून परळीकडे जाते. आणि दिवाळीच्या सुमारास या भागातली हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात. दुष्काळ, वारी, कोरडी पडलेली नदी, स्थलांतर आणि शेतकऱ्यांचे मृत्यू या पाच विषयांनी मराठवाड्याला वारंवार कॅमेऱ्यासमोर आणले आहे. ज्या प्रदेशातली माणसे प्रामुख्याने इतरांच्या छायाचित्रांत दिसतात, तेथून पाहिले की छायाचित्रकारांच्या चिंतनातला एक प्रश्न बाकीच्या प्रश्नांहून मोठा दिसू लागतो: कॅमेऱ्यासमोरच्या माणसाकडून छायाचित्रकार जे घेतो, त्याची भरपाई तो कशी करतो? छायाचित्रण ही कला आहे की नाही, हा एकोणिसाव्या शतकातला गाजलेला वाद या प्रश्नापुढे लहान वाटतो.

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेर यांनी आणि इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी छायाचित्रणाच्या दोन वेगवेगळ्या रीती जगापुढे मांडल्या. दागेर यांची प्रतिमा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटत असे आणि तिची दुसरी प्रत निघत नसे. टॅल्बट यांनी आधी कागदावर उलटी प्रतिमा, म्हणजे उजेडाच्या जागी काळोख आणि काळोखाच्या जागी उजेड दाखवणारी निगेटिव्ह, तयार करून तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढण्याची पद्धत रूढ केली, आणि पुढची दीडशे वर्षे छायाचित्रण याच पद्धतीवर चालले. टॅल्बट यांनी १८४४ ते १८४६ या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष छायाचित्रे चिकटवून विक्रीसाठी काढलेले हे पहिले मोठे पुस्तक म्हणून ओळखले जाते. पण त्यातल्या चित्रांइतकीच त्यांच्याजवळची टिपणे महत्त्वाची आहेत. छायाचित्र घेताना जे नजरेस पडले नव्हते, ते नंतर त्याच छायाचित्रात छायाचित्रकाराला सापडते, एखाद्या भिंतीवरचा लेख, एखादी तारीख, लांबच्या घड्याळातली वेळ, असे निरीक्षण टॅल्बट यांनी तेथे नोंदवले आहे. चित्रकाराच्या चित्रात त्याने न पाहिलेले काहीही येऊ शकत नाही, छायाचित्रात मात्र येते. छायाचित्रकार हा आपल्या कृतीचा पूर्ण धनी नसतो, हे ज्या माणसाने ही रीत शोधली त्यानेच इतक्या लवकर ओळखावे, ही या विषयातली मोलाची गोष्ट आहे.

ही नवी विद्या मुंबईत फार उशिरा आली नाही. १८५४ मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचे वर्ग निघाले, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी सुशिक्षित मंडळी या छंदाकडे वळली. पण त्या पिढीतल्या कामाचा मोठा भाग सरकारी आणि वर्गीकरणाच्या दृष्टीने झाला. माणसांना जाती, धंदे आणि पोशाख यांचे नमुने म्हणून उभे करायचे, हा त्या काळचा हिशेब होता. विल्यम जॉन्सन यांच्या १८६३ पासून निघालेल्या मुंबईतील जातिजमातींवरील ग्रंथात तर स्टुडिओत घेतलेल्या माणसांच्या प्रतिमा मुंबईच्या दृश्यांवर जोडून एकच चित्र केलेले आढळते. छायाचित्र खोटे बोलू लागले ते संगणक आल्यावर, असे मानणाऱ्यांनी हा ग्रंथ अवश्य पाहावा. त्याच काळात अजिंठ्याला मेजर रॉबर्ट गिल काम करत होते. १८४४ पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून त्यांनी भित्तिचित्रांच्या मोठ्या नकला तैलरंगात केल्या, आणि १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळून गेल्या. त्यांनीच कॅमेऱ्याने टिपलेली लेण्यांची दृश्ये मात्र १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्याबरोबरच्या पुस्तकात छापली गेली होती. एका माणसाच्या आयुष्यात ब्रशने केलेले काम नाहीसे व्हावे आणि कॅमेऱ्याने केलेले उरावे, यातून छायाचित्राची अनेक प्रतींनी टिकून राहण्याची ताकद स्पष्ट दिसते.

अजिंठ्याचा अपवाद सोडला, तर मराठवाड्यात कॅमेरा आला तो मुख्यतः हैदराबादच्या दरबाराकडून. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेले लाला दीनदयाळ रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, इंदूरला नोकरीस राहिले आणि पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले; निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली. शिकारी, मेजवान्या, महाल आणि लष्करी कवायती हा त्यांच्या कामाचा प्रसिद्ध भाग आहे. तरीही त्यांच्या कारकिर्दीतल्या दोन गोष्टी या प्रस्तावनेच्या दृष्टीने अधिक बोलक्या आहेत. पहिली म्हणजे १८९२ मध्ये हैदराबादेत उघडलेला जनाना स्टुडिओ. पडद्यातल्या स्त्रियांची छायाचित्रे घेण्यासाठी उंच भिंतींच्या आड वेगळी जागा केलेली होती, आणि तेथले काम श्रीमती केनी-लेव्हिक या स्त्रीकडे सोपवलेले होते. यात व्यापारी हुशारी होतीच; पण कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे यावर समोरची व्यक्ती मोकळी होते की आक्रसते हे ठरते, याची जाणीवही त्या व्यवस्थेत होती, आणि ती एखाद्या लेखातून नव्हे तर भिंत, दार आणि नेमणूक यांतून व्यक्त झाली. दुसरी गोष्ट म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळात संस्थानाने केलेल्या मदतकार्याची त्यांच्या संस्थेने घेतलेली छायाचित्रे, ज्यांत औरंगाबादचे हाडे दिसणारे लोक ओळीने बसवलेले आहेत. ही छायाचित्रे राज्यकर्त्याच्या दातृत्वाचा पुरावा म्हणून घेतली गेली. महालातल्या माणसांची नावे खाली लिहिली गेली आणि उपाशी माणसांचा उल्लेख समूह म्हणून झाला. नाव कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा फरक या प्रदेशाच्या छायाचित्रांत तेव्हापासून आजतागायत चालत आला आहे.

कॅमेऱ्याची भीतीही त्याच काळातली आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी व्यावसायिक छायाचित्रकार होते, आणि कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो या लोकांच्या समजुतीमुळे त्यांचा धंदा बसला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ही समजूत अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. आपल्यातले काहीतरी कोणीतरी घेऊन जात आहे आणि ते पुढे कोठे जाईल यावर आपला ताबा राहणार नाही, हा त्या भीतीचा गाभा आजही खोटा ठरलेला नाही. फाळके यांनी पुढे कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक लघुपट तयार केला. डोळ्यांना कधीच न दिसणारी हालचाल स्थिर चित्रे एकापुढे एक मांडून दाखवता येते, हे त्यातून सिद्ध झाले, आणि मराठी माणसाने छायाचित्र आणि काळ यांच्या नात्यावर केलेला तो एक प्रत्यक्ष विचार होता.

छायाचित्रण कला आहे काय, या वादाचा वृत्तान्त थोडक्यात सांगितला तरी पुरे. पीटर हेन्री एमर्सन यांनी १८८९ मध्ये निसर्गनिष्ठ छायाचित्रण ही स्वतंत्र कला असल्याचे हिरिरीने मांडणारे पुस्तक लिहिले आणि पुढच्याच वर्षी स्वतःचे मत जाहीरपणे मागे घेतले, कारण रसायनशास्त्राच्या नव्या संशोधनावरून छटांवर छायाचित्रकाराचा हवा तसा ताबा राहत नाही असे त्यांना वाटू लागले. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९०३ ते १९१७ या काळात ‘कॅमेरा वर्क’ हे नियतकालिक चालवून छायाचित्राला चित्रशिल्पांच्या पंक्तीत बसवण्यासाठी आयुष्य वेचले, आणि १९२० च्या दशकात ढगांच्या छायाचित्रांची मालिका करून, बाहेरचे दृश्य हे मनातल्या अवस्थेचे समतुल्य रूप असू शकते, असे प्रतिपादन केले. त्यांची छायाचित्रे १९२४ मध्ये बोस्टनच्या कलासंग्रहालयात दाखल झाली, ती तेथे भारतीय कलाविभाग सांभाळणाऱ्या आनंद कुमारस्वामी यांच्या पुढाकाराने, ही बाब भारतीय वाचकाला माहीत असायला हवी. या परंपरेतला सगळ्यात उपयोगी विचार मात्र अन्सेल अॅडम्स यांचा आहे. ते तरुणपणी पियानोवादक होण्याच्या तयारीत होते आणि निगेटिव्हला स्वरलेखनाची, तर तिच्यावरून काढलेल्या छायाप्रतीला प्रत्यक्ष वादनाची उपमा देत. मराठी वाचकाला हे बंदिश आणि गायकी यांच्या नात्यावरून चटकन उमगेल: बंदिश तीच असते, पण ती कोण, कोणत्या दिवशी, किती सावकाश मांडतो यावर तिचे रूप बदलते. अॅडम्स एकाच निगेटिव्हवरून वर्षांच्या अंतराने वेगवेगळ्या घनतेच्या छायाप्रती काढत, आणि त्यांतली कोणतीही एक खरी व बाकीच्या खोट्या असे मानत नसत.

विसाव्या शतकात बातमीदारीच्या छायाचित्रणाने हा विचार रस्त्यावर आणला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ मधील पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीमुळे ‘निर्णायक क्षण’ ही संज्ञा जगभर पसरली. समोरच्या घटनेचा अर्थ आणि तिच्यातल्या रेषा-आकारांची रचना ज्या एका क्षणी जुळून येतात तो क्षण ओळखून कळ दाबणे, असा तिचा आशय आहे. या विचाराने कित्येक पिढ्या घडल्या, यात शंका नाही. तरीही त्यात एक शिकाऱ्याची वृत्ती आहे: छायाचित्रकार दबा धरून असतो, समोरच्याला कळण्याआधी काम उरकलेले असते, आणि त्या क्षणात समोरच्या माणसाला काही म्हणण्याची संधी नसते. याच्या अगदी उलट धडा मार्गारेट बर्क-व्हाइट यांना १९४६ मध्ये पुण्यात मिळाला, आणि तो त्यांनी ‘हाफवे टू फ्रीडम’ या पुस्तकात स्वतःच सांगितला आहे. चरख्याशेजारी बसलेल्या गांधीजींचे छायाचित्र घेण्यासाठी त्या गेल्या तेव्हा गांधीजींच्या सचिवांनी त्यांना आधी सूत कातता येते का, असे विचारले. येत नाही म्हटल्यावर, ज्याला चरखा कळत नाही त्याला चरखा चालवणारा माणूस कसा कळणार, असा प्रश्न पुढे आला आणि त्यांना चरख्याचे प्राथमिक धडे घ्यावे लागले. नंतर कळले की तो गांधीजींचा मौनाचा दिवस आहे, त्यांना प्रखर प्रकाश सोसत नाही आणि झगझगाटाचे तीनच दिवे वापरता येतील. आधीचे प्रयत्न फसले, हाताशी उरलेल्या दिव्यावर काम झाले, आणि त्यातून विसाव्या शतकातल्या सर्वाधिक ओळखीच्या छायाचित्रांपैकी एक जन्माला आले. येथे अटी घातल्या होत्या त्या समोरच्या बाजूने. ज्या छायाचित्रात समोरच्याच्या अटी पाळल्या गेल्या ते कमजोर झाले नाही, हे या प्रसंगातून निर्विवाद दिसते.

रंगाचा प्रश्न भारतीय छायाचित्रकारांनी स्वतःच्या जागेवरून मांडला. पाश्चात्त्य कलाजगतात कृष्णधवल छायाचित्र गंभीर आणि रंगीत छायाचित्र बाजारू, अशी समजूत १९७० च्या दशकापर्यंत पक्की होती. रघुबीर सिंग यांनी आयुष्यभर रंगीत फिल्मवर काम केले आणि १९९८ मधील ‘रिव्हर ऑफ कलर’ या ग्रंथाच्या निबंधात, भारतीय माणूस रंगांतूनच पाहतो, त्यामुळे रंग टाळणे हे आपल्याकडे आपल्या पाहण्याला नकार देण्यासारखे आहे, अशी भूमिका घेतली. गोदाकाठी उभे राहिले की या भूमिकेचे बळ पटते: काळी जमीन, ज्वारीचे पिवळे पडत गेलेले ताट, वैशाखात पांढुरके झालेले वाळूचे पात्र, आणि आषाढाच्या तोंडावर गजानन महाराजांच्या पालखीबरोबर दोन रांगांत चालणाऱ्या पांढऱ्या वेशातल्या वारकऱ्यांच्या खांद्यांवर फडकणाऱ्या भगव्या पताका. राखाडी छटांत हे सगळे सुंदर दिसेल; पण ऋतू कोणता, हे कळायचे नाही.

वारीनेच मराठी छायाचित्रकारांना अंतराचा प्रश्न घातला. उद्धव ठाकरे यांच्या २०११ मधील ‘पाहावा विठ्ठल’ या पुस्तकात वारी आकाशातून दिसते. रस्ता भरून वाहणारी माणसे, रिंगणाची वर्तुळे, घाटातली वळणे असे एका व्यक्तीच्या नजरेत कधीही न मावणारे रूप त्या उंचीवरून मिळते, आणि २०१० मधील ‘महाराष्ट्र देशा’ या त्यांच्या पुस्तकात गडकिल्ल्यांची रचना याच पद्धतीने उलगडली आहे. संदेश भंडारे यांनी वारी टिपली ती जमिनीवरून, चालणाऱ्यांच्या उंचीवरून. आणि ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या त्यांच्या पुस्तकात तर कॅमेरा रंगमंचासमोरून उठून मागच्या राहुटीत गेला आहे, जेथे कलावंत स्वयंपाक करतात, मुलांना निजवतात आणि पुढच्या गावाला जाण्याची बांधाबांध करतात. उंचावरून समूहाची रचना दिसते आणि जवळून माणसाची दमछाक दिसते. दोन्ही खऱ्या आहेत. परंतु जवळ जाण्यासाठी दिवसचे दिवस द्यावे लागतात, ओळख वाढवावी लागते, आणि तो खर्च छायाचित्रात दिसत नसला तरी त्याशिवाय तशी छायाचित्रे होत नाहीत. या कारणासाठी प्रस्तुत विवेचनाचा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे.

अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी हा खर्च जाणीवपूर्वक उचलला. मुंबईच्या दैनिकांत काम करत असताना त्यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या जगण्यावर कृष्णधवल छायाचित्रांची दीर्घ मालिका केली, ज्यात गटारात उतरलेली, कचऱ्याच्या ढिगावर उभी राहिलेली, कामावरून परत येऊन घरात बसलेली माणसे आहेत. शहराने रोज पाहून न पाहिल्यासारखी केलेली माणसे शहरापुढे धरणे हा तिचा हेतू होता, आणि ती माणसे बहुतांशी दलित आहेत हे ही छायाचित्रे लपवत नाहीत. २०१६ मध्ये ओलवे यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातून पुढे येणारा विचार असा की छायाचित्रकाराने दुःख दाखवायचे असेल तर ते सोसणाऱ्याची मान खाली जाणार नाही अशा रीतीने दाखवले पाहिजे. याच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला गौतम राजाध्यक्ष यांची तारे-तारकांची व्यक्तिचित्रे आहेत, असे वरवर वाटते. पण ‘चेहरे’ या त्यांच्या मराठी पुस्तकातला मजकूर वाचला की लक्षात येते की समोरच्या व्यक्तीशी गप्पा मारून तिला निर्धास्त करणे हा त्यांच्याही कामाचा अर्धा भाग होता. एकीकडे गटार आणि दुसरीकडे स्टुडिओ असे अंतर असले तरी, विश्वास आधी आणि कॅमेरा नंतर, हा क्रम दोघांच्याही कामात आढळतो.

हा क्रम मोडला की काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण डोरोथिया लँग यांच्या १९३६ मधील ‘मायग्रंट मदर’ या छायाचित्राचे आहे. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा खुडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईला त्यांनी टिपले. तिचे नाव विचारले नाही, हे लँग यांनी १९६० मधल्या लेखात स्वतः लिहिले आहे, आणि आपल्या छायाचित्रांनी तिला मदत होईल असे तिला वाटले म्हणून तिने आपल्याला मदत केली, त्यात एक बरोबरी होती, अशीही त्यांची धारणा होती. छायाचित्र छापून आल्यावर त्या तळाला सरकारी अन्नधान्य पोचले खरे, पण तोवर ते कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेले होते. १९७८ मध्ये फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन या नावाने ती स्त्री जगासमोर आली तेव्हा तिच्या बोलण्यात कडवटपणा होता; चेहरा साऱ्या देशाचा झाला आणि तिच्या पदरी काही पडले नाही. ज्या व्यवहाराला छायाचित्रकार बरोबरीचा समजत होती, तो समोरच्या बाजूने तसा नव्हता.

गंगाखेड परिसरातून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांची छायाचित्रे पाहताना हा दाखला डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. मुकादमाकडून उचल घेऊन निघालेले नवराबायकोचे जोडपे या धंद्यात एक कोयता म्हणून मोजले जाते, आणि बहुतेक छायाचित्रेही त्यांना तशाच नजरेने पाहतात: मोळी डोक्यावर घेतलेली बाई, कोपीपुढे राखेत खेळणारे मूल, उसाच्या गाडीवर झोपलेली मुलगी. याहून अवघड प्रकार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी घेतल्या जाणाऱ्या छायाचित्रांचा आहे. विदर्भात आणि मराठवाड्यात त्याची एक ठरीव मांडणी होऊन बसली आहे. दाराच्या चौकटीत किंवा भिंतीला टेकून पत्नी बसते, तिच्या मांडीवर नवऱ्याचा काचेच्या चौकटीतला फोटो असतो, आणि बाहेरून आलेला छायाचित्रकार तो दोन्ही हातांनी सरळ धरायला सांगतो. त्या चौकटीतल्या फोटोकडे कोणी नीट पाहत नाही. तो बहुधा पासपोर्ट आकाराच्या फोटोवरून मोठा केलेला असतो, म्हणून त्याच्या कडा विरघळल्यासारख्या आणि नजर ताठ असते; मागचा निळा किंवा आकाशी रंग नंतर भरलेला असतो; कधी अंगावर त्या माणसाने आयुष्यात न घातलेला कोट चढवलेला असतो. मूळ फोटो बँकेच्या पासबुकासाठी किंवा पीककर्जाच्या अर्जासाठी तालुक्याच्या स्टुडिओत दोन मिनिटांत काढलेला असतो, आणि कर्जाच्या कागदासाठी काढलेला तोच फोटो पुढे हार घालून भिंतीवर चढतो. राष्ट्रीय दैनिकात छापल्या जाणाऱ्या छायाचित्रावर बाहेरच्या छायाचित्रकाराचे नाव असते. आतल्या फोटोवर कोणाचेच नसते. या एका दृश्यात छायाचित्रणाचे दोन अर्थ एकात एक बसलेले आहेत, आणि घरच्यांच्या लेखी किंमत आहे ती आतल्या फोटोला.

त्या आतल्या फोटोचा कर्ता, म्हणजे तालुक्याच्या गावचा स्टुडिओवाला, छायाचित्रविचाराच्या इतिहासात जवळपास आलेलाच नाही. डिजिटल कॅमेरा येण्यापूर्वी त्याच्या कामात पडद्यावर रंगवलेला बंगला आणि बाग, लाल दिव्याच्या डार्करूममध्ये डेव्हलपर आणि हायपोच्या थाळ्या, आणि टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर केलेले रिटचिंग, म्हणजे चेहऱ्यावरचे व्रण आणि सुरकुत्या पुसून टाकण्याचे कसब, एवढे सगळे येत असे. कडेवरच्या मुलाचे लक्ष कसे वेधायचे, पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या म्हातारीला श्वास सोडायला कसे सांगायचे, स्थळ पाहण्यासाठी पाठवायच्या फोटोत मुलीचा रंग किती उजळायचा आणि कोठे थांबायचे, घरातल्या मृत माणसाचा शेवटचा फोटो काढायला बोलावणे आले तर दारात चपला काढून आधी किती वेळ उभे राहायचे, याचे त्याला पक्के ज्ञान असे. मध्य प्रदेशातील नागदा या गावातील स्टुडिओंचा ख्रिस्तोफर पिनी यांनी केलेला अभ्यास ‘कॅमेरा इंडिका’ या पुस्तकात १९९७ मध्ये आला. गिऱ्हाईक स्टुडिओत येते ते स्वतःचे अंतरंग उघड व्हावे म्हणून नव्हे, तर आपण जसे असावे असे वाटते तसे दिसावे म्हणून, असा त्याचा एक निष्कर्ष आहे. मराठवाड्यात हा निष्कर्ष आणखी पुढे नेता येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कोट-टायमधले छायाचित्र ज्या घरांच्या भिंतीवर मानाने लावलेले असते, त्या घरातला तरुण स्टुडिओत कोट मागून घालतो तेव्हा ती हौस नसते. आपले रूप कसे असावे हे गावाने नव्हे तर आपण ठरवायचे, हा त्यामागचा अर्थ असतो. जनाबाईंचे समकालीन चित्र कोठेही नाही; जात्यावर बसलेली जनी आणि तिला दळायला हात लावणारा विठ्ठल हे रूप छापील तसबिरींनी घराघरांत नेले. त्याच भिंतीवर, तितक्याच उंचीवर आणि तसाच हार घालून स्टुडिओत काढलेला आजीचा फोटो टांगला जातो. फोटोकडे कलावस्तू म्हणून पाहण्याची सवय येथे नसेल, पण त्याला द्यायचा मान येथे पुरता ठाऊक आहे.

मोबाइलमुळे आज प्रत्येक हातात कॅमेरा आला आहे, लग्नाचे अल्बम छापील पुस्तकासारखे झाले आहेत, आणि वाढदिवसापासून श्रद्धांजलीपर्यंतचे चेहरे चौकातल्या फ्लेक्सवर झळकून आठवड्याभरात उतरतात. चित्रे अमाप वाढली आणि त्यांचे आयुष्य कमी झाले. त्याच वेळी जुने स्टुडिओ बंद पडत आहेत आणि निगेटिव्हची खोकी ओल, वाळवी आणि भंगारवाला यांच्या वाट्याला जात आहेत. या खोक्यांत एका तालुक्याच्या तीन पिढ्यांचे चेहरे आहेत, आणि ज्या हातांनी ते टिपले त्यांतले कित्येक अजून कामावरचे किस्से आणि कसब सांगण्याच्या स्थितीत आहेत. परभणी, नांदेड, बीड, लातूर येथल्या महाविद्यालयांतील इतिहास आणि मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना स्टुडिओ छायाचित्रकारांकडे पाठवून त्यांच्या मुलाखती नोंदवाव्यात, निगेटिव्ह तपासून, स्कॅन करून, कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि हे काम पुढच्या पिढीवर ढकलू नये. वाचकांनाही एक विनंती आहे: घरातले जुने फोटो काढून, घरातली वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर त्यांना दाखवावेत, आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, फार दाब न देता, फोटोतल्या माणसाचे नाव, गाव, साधारण वर्ष आणि ठाऊक असल्यास फोटो काढणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे.